रस्ता द्या, स्पीकर आम्ही घरी ठेवतो

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. पोलीस आयुक्त, मुंबई
प्रत माहितीसाठी : मुंबई बंदर प्राधिकरण, सांस्कृतिक कार्य संचालनालय, महाराष्ट्र शासन

विषय : मे महिन्याचे शेवटचे दोन आणि जूनचा पहिला अशा तीन रविवारी संध्याकाळी बॅलार्ड इस्टेटमधला एक रस्ता लोकसंगीत आणि जॅझसाठी मिळण्याबाबत. तिकीट नाही, स्टेज नाही, लाउडस्पीकर नाही.

महोदय,

मी धंद्याने स्पीकरवाला. गिरगावात राहतो. सत्यनारायणापासून प्रचारसभेपर्यंत ज्याला जेवढा आवाज हवा तेवढा भाड्याने देतो, गेली एकतीस वर्षं. पत्र्याचे दोन जुने भोंगे अजून माझ्या गोडाऊनमध्ये टांगलेले आहेत, आता त्यात चिमण्या राहतात. माझ्या डाव्या कानात सहा वर्षांपासून ॲम्प्लिफायरचा पंखा चालू असतो. रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्तच. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी जे मागतोय ते माझ्याच पोटावर पाय देणारं आहे. तेव्हा ‘यात याचा काय फायदा’ हे शोधण्यात तुमच्या कचेरीचा वेळ जायला नको.

आता हे डोक्यात कसं आलं ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, घामाच्या धारा, आणि आमच्या बाजूच्या चाळीत हळद. नवरा चाळीतला, त्याचं आजोळ वरळी कोळीवाड्यातलं. अंगणात माझे चार बॉक्स, डीजेवाला पोरगा, वर झालरी. साडेआठच्या सुमाराला फेज गेला. जनरेटर आणला नव्हता; पैसे वाचवायला म्हणून यजमानांनीच नको म्हटलं होतं. दीडशे माणसं अंगणात आणि एकदम सामसूम. पंखे बंद. चार मजल्यांच्या गॅलऱ्यांतून मोबाइलचे दिवे खाली रोखलेले, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट क्षण नाही.

आजोळच्या मंडळींसोबत कोळी बँडातले दोघे आले होते. दुपारी मिरवत आणलं, पैसे घेतले, जेवले आणि जिन्यात बसून होते. त्यातला ट्रम्पेटवाला सत्तरीचा असेल. त्याने शांतपणे ट्रम्पेट मांडीवर घेतला, चावी दाबून आतलं पाणी काढलं, दोनदा फुंकर मारून बघितली आणि बसल्या बसल्याच एका जुन्या कोळीगीताची चाल सुरू केली. नेहमी वाजवतात तशी धावत नाही, निम्म्या चालीत. चाळीत दुसऱ्या मजल्यावर गोंधळ्यांचं घर आहे. मुलगा दिवसा कुरियर टाकतो, रात्री बोलावणं असलं तर संबळ वाजवतो. तो कमरेला संबळ बांधून खाली आला. दोन मिनिटं नुसता ऐकत उभा राहिला. मग त्या चालीत जिथे जिथे मोकळी जागा होती तिथेच त्याने काठी टाकायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने मान वर करून एकदा बघितलं, बायकांच्या पंगतीतून स्टीलचा पेला मागवला, आणि तो ट्रम्पेटच्या तोंडावर धरून उघडझाप करायला लागला. ट्रम्पेट बोलायला लागला हो. संबळ विचारणार, हा उत्तर देणार. मी सवयीने खिशातला डेसिबल मीटर काढला. आकडा इथे लिहीत नाही, तुम्ही त्यावरही कलम लावाल. पण माझ्या बॉक्सने जो आकडा दिला असता त्याच्या आसपासही नव्हता. एका बाईच्या खांद्यावरचं मूल झोपलेलं होतं, ते झोपलेलंच राहिलं.

चाळीस मिनिटांनी लाइट आले. डीजेवाल्या पोराने फेडरवर, म्हणजे आवाज वर-खाली करायच्या पट्टीवर, बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, “ए, लाइट घालव रे!”

एकतीस वर्षांत असं मला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं.

पुढच्या वर्षी मी रीतसर अर्ज घेऊन गेलो. आमच्या गल्लीत एक संध्याकाळ, तीन तास, फुकट, वाजवणारे सगळे ओळखीचे. कोणत्या कचेरीत गेलो ते लिहीत नाही. माणूस भला होता, त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, “कार्यक्रम कशाप्रीत्यर्थ?” मी म्हटलं, गाणं-बजावणं. “ते कळलं. पण कशाप्रीत्यर्थ? देव कोणता?” देव नाही म्हटलं. “जयंती? पुण्यतिथी?” नाही. “लग्न आहे का घरात?” नाही. “कोणी साहेब येणारेत?” नाही. त्याने पेन खाली ठेवलं. देव नाही, नेता नाही, नवरा-नवरी नाही, मग रस्त्यावर कशाला वाजवायचं, हा त्याचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. फॉर्मवर त्याच्यासाठी चौकोनच नव्हता. शेवटी तो मला हळूच म्हणाला, “एखादा फोटो लावा ना, कोणाचाही. काम सोपं होईल.”

फोटो लावायचा नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

रस्ते आपल्याकडे बंद होत नाहीत असं थोडंच आहे? गणपती, दहीहंडी, मॅरेथॉन, मोर्चे, मंत्र्यांचे ताफे. काळा घोड्याचा कला महोत्सव १९९९ पासून दर फेब्रुवारीत रस्त्यावरच भरतो, तोही फुकट; लाखो पायांनी तो रस्ता तुडवला आणि शहराचं काही बिघडलं नाही. २०२२ च्या मार्चमध्ये खुद्द मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह आणि आणखी काही रस्ते गाड्यांना बंद करून माणसांना दिले, लोक तिथे सायकली आणि बॅडमिंटन घेऊन उतरले. रस्ता बंद कसा करायचा हे तुमच्या हवालदाराला आम्ही शिकवायला नको.

अडतं ते आवाजावर. आवाजाचे नियम मला पाठ आहेत, कारण ते मोडले की बॉक्स माझे जप्त होतात, मंडळाच्या अध्यक्षाचं काही जात नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. रात्री दोन्हीकडे दहाने कमी. रात्र म्हणजे दहा ते सहा. सार्वजनिक ठिकाणी कार्यक्रम असेल तर त्या जागेच्या हद्दीवर भागाच्या मर्यादेपेक्षा दहाने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. वर्षातले पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि त्या पंधरा दिवसांसाठी काय मारामारी चालते ते तुम्ही जाणताच. आम्हाला त्यातला एकही दिवस नको. संध्याकाळी सहाला सुरू, साडेनऊला बंद, दहाला रस्ता झाडून परत. शांतता क्षेत्राच्या जवळपासही फिरकत नाही.

हे जमतं, कारण लोकसंगीत आणि जॅझ दोन्ही मुळात बिनस्पीकरचीच. विजेआधीची वाद्यं आहेत ही. गावच्या जत्रेत हजार माणसांना ऐकू जावं म्हणून संबळ, हलगी, तुतारी, सनई घडली. न्यू ऑर्लिन्सच्या गल्ल्यांत लग्नाच्या आणि मयताच्या मिरवणुकीतून चालता चालता वाजवता यावं म्हणून तिथल्या काळ्या लोकांनी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट हाताशी धरले. झील धरणारे, म्हणजे मुख्य गाणाऱ्यामागून ओळ उचलणारे, आमचे झीलकरी आणि त्यांचा सवाल-जवाब, सगळं दोन्हीकडे आहे. तमाशाच्या फडात सुरत्या, म्हणजे मागे उभं राहून सूर धरणारा, जे करतो ते मी रंगभवनात परदेशी बँडच्या ट्रॉम्बोनवाल्याला करताना बघितलंय.

रंगभवन निघालंच आहे तर थोडं विषयांतर. धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह माझी शाळा. वायर कशी गुंडाळायची, माइक गाणाऱ्यापासून किती बोटं लांब ठेवायचा, कोणाच्या सोलोला फेडर वर न्यायचा, सगळं तिथे शिकलो. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा तिथेच झाली, निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी भरवलेली, आणि सनी रोलिन्ससारखा माणूस तिथे येऊन सॅक्सोफोन वाजवून गेला. तेव्हा मी चड्डीत होतो. माझ्या उस्तादाने ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की आता मीच तिथे होतो असं वाटतं. पुढे शेजारचं कॉलेज आणि रुग्णालय यांच्यामुळे आवाजाच्या नियमात ते रंगभवन गप्प झालं. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. आजाऱ्याच्या उशाशी आमचे बॉक्स गुरगुरत होते हे खरंच आहे. पण बॉक्स बंद करायला सांगण्याऐवजी जागाच बंद झाली, एवढं खटकतं.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, लोकसंगीत ठीक आहे, जॅझ कशाला? ते पंचतारांकितवाल्यांचं. हा समज मला नेहमीच गमतीदार वाटतो. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली अमेरिकेचा लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन आला, तिथून या शहरात जॅझ रुजलं, हे खरं. ऐकणारे साहेब होते हेही खरं. पण पुढे वाजवणारे कोण होते? गोव्याच्या गावागावांतून चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, शिकून आलेली पोरं. धोबीतलावच्या आसपास त्या त्या गावाच्या नावाने कूड, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्या, होते; एकेका खोलीत दहा-दहा ट्रंका, कोपऱ्यात वेदी, आणि त्या ट्रंकांवर ट्रम्पेटच्या पेट्या. आमच्या गिरणगावात कोकणातले गिरणीवाले गाळ्यात राहायचे, त्याचीच ही ख्रिस्ती आवृत्ती. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची, त्यांच्यातलाच. पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाली बांधत, आणि चिक चॉकलेट आपला ट्रम्पेट आणि अख्खा बँड घेऊन त्यात उतरे. १९५१ च्या ‘अलबेला’त तर तो पडद्यावरही दिसतो. आणि नाचतोय कोण? भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा पोरगा. आज विसर्जनाच्या मिरवणुकीत पोट पुढे काढून, हात वर करून, एक पाय घासत आपण जो नाच करतो तो त्यांचा. लालबागच्या रस्त्यावर सत्तर वर्षं स्विंगवर, म्हणजे जॅझच्या ठेक्यावर, नाच चाललाय आणि कोणाला पत्ता नाही. जॅझ उच्चभ्रूंचं म्हणणाऱ्याने एकदा अनंत चतुर्दशीला स्वतःच्या पायाकडे बघावं.

शहराच्या कडेला आणि जुन्या वाड्यांत तर हे मिश्रण त्याहून जुनं. वसई, उत्तन, गोराई, वांद्र्याचं रनवार, माझगावचं माथारपाखाडी, आमच्या गिरगावातली खोताची वाडी, इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती. घरात मराठी बोलतात, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, आणि वाजवायला कधी घुमट असतं, कधी ब्रास बँड, कधी दोन्ही. याला लोकसंगीत म्हणायचं की जॅझचा चुलतभाऊ? ठरवायचं कोणी? मला तरी ती दोन खाती वेगळी करता येत नाहीत, म्हणून अर्जात दोन्ही एकत्र लिहिली.

बाहेरच्या देशांचं उदाहरण दिलं की साहेब लोकांना बरं वाटतं, म्हणून तेही देतो. मॉन्ट्रियलमध्ये १९८० पासून उन्हाळ्यात जॅझ महोत्सव होतो, भर शहरातले रस्ते गाड्यांना बंद, बहुतेक कार्यक्रम उघड्यावर आणि फुकट. २००४ मध्ये जगातला सगळ्यात मोठा जॅझ महोत्सव म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. (त्याचा मोठा पुरस्कर्ता वर्षानुवर्षं एक सिगारेट कंपनी होती, कायद्याने हात धरेपर्यंत. फ्लेक्सवर कोणाचं तोंड लावायचं हा प्रश्न तिकडेही सुटलेला नव्हता.) पण मला खरा पटतो तो फ्रान्सचा प्रकार. १९८२ साली तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या लक्षात आलं की देशातल्या पन्नास लाख लोकांना कुठलं ना कुठलं वाद्य येतं, आणि ते सगळे घरात दार लावून वाजवतात. मंत्री जॅक लांग आणि त्यांचे संगीत संचालक मोरिस फ्लरे यांनी ठरवलं की वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, २१ जून, या लोकांनी रस्त्यावर यायचं. तेव्हापासून दरवर्षी येतात. पैसे घेत नाहीत, देत नाहीत.

तारीख मात्र आपल्याला त्यांची चालायची नाही. २१ जूनला मुंबईत छत्री धरून फक्त शिट्टी वाजवता येते.

म्हणून मे-अखेर. याचंही कारण सांगतो, कारण ‘उन्हाळ्यात कोण येणार, अर्धी मुंबई गावाला’ हे मला कचेरीत ऐकवलंच गेलंय. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. नारायणगावच्या राहुट्यांत पाडव्याच्या सुमाराला सुपाऱ्या फुटतात, म्हणजे तमाशे ठरतात, ते याच दिवसांचे. तेव्हा ढोलकीवाला तुम्हाला पैसे देऊनही मिळत नाही. बुद्धपौर्णिमा झाली की फड मोडतो, आणि मृग लागला की वाद्यं गुंडाळून माळ्यावर. मधले दोन-तीन आठवडे हा माणूस रिकामा, हाताशी थोडे पैसे, पुढे चार महिने पावसाळा. बुद्धपौर्णिमा ज्या वर्षी उशिरा येते त्या वर्षी एखादा रविवार इकडे-तिकडे होईल, ते आम्ही पंचांग बघून जमवू. हॉटेलांतले वादकही या दिवसांत मोकळे असतात, थंडीतली लग्नं आणि नाताळ-नववर्ष कधीच संपलेलं असतं. आणि गावाला गेलेली अर्धी मुंबई? शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पोरं बॅगा घेऊन तोवर परत आलेली असतात. राहिलेल्या अर्ध्या मुंबईला गाव नाही, किंवा रेल्वेचं तिकीट मिळालेलं नाही. संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत जाऊन बसून बघा, मग कळेल ते कुठल्याही रस्त्यावर का येतील ते.

जागा बॅलार्ड इस्टेट सुचवतो. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणताना जी माती निघाली तिच्यावर हा भाग उभा राहिला. इमारतींचा आराखडा गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचा. दगडी इमारती, सगळ्या जवळपास एका उंचीच्या, रुंद फुटपाथ, झाडं. सोमवार ते शुक्रवार पाय ठेवायला जागा नाही आणि रविवारी संध्याकाळी रस्त्याच्या मधोमध कुत्री ताणून देतात. राहणारी माणसं मोजकी. सीएसएमटीवरून चालत पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे कर्जत-कसाऱ्याचा माणूसही येऊन दहाच्या लोकलने परत जाऊ शकतो. नौदलाच्या बाजूला आम्हाला जायचंच नाही, तो भाग सोडून द्या.

मी तिथे रविवारी जाऊन टाळी वाजवून बघितली. हसू नका, आमची तपासणी तीच. मोकळ्या मैदानावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोन्ही बाजूंना दगड असला की तो इतका उतरत नाही, सरळ गल्लीतून पुढे जातो, पण कोपरा वळला की लगेच मरतो. म्हणजे एका सरळ रस्त्यावर एकच मेळ बसवायचा, दुसरा कोपऱ्यापलीकडे. चार कोपरे, चार मेळ, अर्ध्या-अर्ध्या तासाने जागा बदलायची. माणसं गोल करून बसतील, पहिल्या दोन रांगा जमिनीवर. व्हीआयपी सोफे नाहीत, कारण गोलाला पुढची बाजू नसते. माइक लागलाच तर म्हातारा शाहीर किंवा आजारातून उठलेली गायिका असेल तेव्हा एक छोटा बॉक्स, तोही मी आणीन, आणि त्याची चावी तुमच्या हवालदाराकडे राहील.

ढोल-ताशा पथकांना यात जागा नाही हे आताच सांगून ठेवतो. मला त्यांच्याबद्दल राग नाही, माझा भाचा एका पथकात टोल वाजवतो. पण दगडी गल्लीत चाळीस ढोल म्हणजे बाकी तिन्ही कोपऱ्यांनी घरी जायचं. त्यांना वर्षभरात भरपूर रस्ते आहेत.

आता पैशाचं. फुकट ते ऐकणाऱ्याला. वाजवणाऱ्याला मानधन मिळालं पाहिजे, आणि त्याच संध्याकाळी, हातात किंवा खात्यात. ‘बिल पास झालं की कळवू’ हे नको. तसल्या कळवण्याची वाट बघत मेलेले दोन कलावंत मला माहीत आहेत. खर्च येणार कुठून असं विचाराल तर असल्या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक मी उलट्या बाजूने ओळखतो : स्टेज, ट्रस, एलईडी वॉल, जनरेटर आणि माझं बिल. ही पाच काढून टाका. उरतं ते मानधन, पिण्याचं पाणी, फिरती शौचालयं (बायकांसाठी जास्त, पुरुषांइतकीच नव्हे), एक रुग्णवाहिका आणि झाडलोट. महापालिकेला एवढं जड नाही.

आणि एक गोष्ट पोलीस आयुक्तांसाठी खास. १९५९ च्या भिक्षा प्रतिबंध कायद्यात भीक मागणं म्हणजे काय ते लिहिलंय. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा निमित्ताने कोणी पैसे मागितले किंवा घेतले तर ती भीक. म्हणजे मोरपिसांची टोपी घालून पहाटे ‘दान पावलं’ म्हणत येणारा वासुदेव कायद्याने भिकारी. पोतराज भिकारी. लोकलमध्ये बुलबुलतरंग वाजवणारा आंधळा तर आहेच. गिटारची उघडी पेटी पुढे ठेवून बसलेला कॉलेजचा पोरगाही त्यातच, फक्त त्याला कोणी पकडत नाही. ज्यांची सगळी कलाच दारोदार फिरून दान घेण्यावर उभी होती अशा जातींना आपण एका व्याख्येने गुन्हेगार केलं, आणि मग सभागृहात त्यांच्या नावाने लोककला महोत्सव भरवले, शाल-श्रीफळ देऊन. या तीन रविवारी त्या रस्त्यावर कोणी पुढ्यात फडकं पसरलं आणि कोणी त्यात दहा रुपये टाकले, तर तुमच्या माणसाने ते दुसरीकडे बघून सोडून न देता, लेखी परवानगी आहे म्हणून सोडावं. डोळेझाक आम्हाला पुष्कळ मिळते. कागद मिळत नाही.

गर्दी जास्त झाली तर? पहिल्या रविवारी होणार नाही. जाहिरातच करणार नाही आम्ही. चाळी, कूड, कोळीवाडे, बँडवाले आणि फडवाले यांना तोंडी निरोप. दुसऱ्या रविवारी रील बघून लोक येतील, तिसऱ्याला तुम्हाला बॅरिकेड लागतील. तिसऱ्या रविवारी गर्दी आवरेनाशी झाली तर आठ वाजताच बंद करा, आम्ही वाद घालणार नाही. आणि पाऊस आधीच आला तर प्रश्न मिटला. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो, पण त्याने आजवर कोणाच्या कचेरीतून परवानगी घेतलेली नाही.

फॉर्मवरच्या त्या ‘कशाप्रीत्यर्थ’च्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र तुम्ही सांगा. मी तिथे ‘ट्रम्पेट आणि संबळ’ लिहून अर्ज पुन्हा भरला आहे. त्याची पोच सोबत जोडतो.

कळावे,
आपला,
एक स्पीकरवाला, गिरगाव

ता. क. : मे महिन्याच्या दमट हवेत हलगीचं कातडं उतरतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी वर्तमानपत्राचा जाळ करून ते तापवावं लागतं, नाहीतर ती ठप्प वाजते. हा जाळ ताटलीएवढा असतो आणि अर्ध्या मिनिटात विझतो. बाजूला पाण्याची बादली ठेवू. तरी याला अग्निशमन दलाचं ना हरकत प्रमाणपत्र लागत असेल, तर ते हलगीमागे एक लागेल की कोपऱ्यामागे एक, ते कृपया कळवावे.